घर लावणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी शिडी मागायच्या. लोकांनी हॉल आवरून ठेवलेला असायचा. सोफ्याच्या उशा थोपटून सरळ केलेल्या, टीपॉयवर काजू-बदामाची बशी. मॅडम त्या हॉलमधून, रस्ता ओलांडावा तशा, सरळ आत जायच्या आणि विचारायच्या, "माळा कुठंय?"

घरमालकिणीचा चेहरा पडायचा. "माळ्यावर काय, नुसती अडगळ आहे हो."

"तीच बघायचीय."

मग पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं जाड, पंजाबी ड्रेस आणि पायांत पांढरे कापडी बूट अशा त्या बाई शिडीवर चढायच्या. धुळीचं त्यांना वावडं होतं. वर डोकं घातलं की शिंका सुरू व्हायच्या. शिंकत शिंकत पोती सोडायची, पेट्या उघडायच्या, गुंडाळ्या उलगडायच्या. खाली उतरल्या की डोळे लाल, केसांत जळमटं, आणि चेहरा असा की लग्नाचं जेवण जेवून आल्यात.

"हॉलमध्ये माणूस पाहुण्यांसाठी ठेवतो," त्या मला म्हणायच्या. "जे टाकवत नाही ते माळ्यावर ठेवतो. मला टाकवत नाही ते बघायचं असतं."

मी सिव्हिलचा माणूस. भिंत, फरशी, प्लंबिंग माझ्याकडं; रंग, लाकूडकाम, पडदे आणि गिऱ्हाइकाशी भांडण त्यांच्याकडं. सांगलीत विश्रामबागला एका औषधाच्या दुकानावर आमच्या भागीदारीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मॅडमना 'इंटिरियर' हा शब्द आवडायचा नाही. त्यांची आई म्हणायची तसं त्या 'घर लावणं' म्हणायच्या. म्हणून बाहेरच्या पाटीवर त्यांनी लिहून घेतलं होतं, 'घर लावून मिळेल'. परिणाम असा झाला की कॉलेजची पोरं आणि बदली होऊन आलेले नोकरदार जिना चढून वर यायचे आणि विचारायचे, "टू बीएचके आहे का हो भाड्यानं? डिपॉझिट किती?" मी पाटी बदला म्हणून मागं लागलो. मॅडम नाही म्हणाल्या. उलट त्या भाडेकरूंनाच समोर बसवून विचारायच्या, "खोली मिळाली तर पहिली वस्तू कुठली लावणार?" एका पोरानं सांगितलं, पंखा. त्यावर मॅडम दिवसभर खूश होत्या. "खरं बोलला बघा तो. गिऱ्हाईक कधी असं बोलत नाही."

गिऱ्हाईक मोबाईलमधली चित्रं घेऊन यायचं. करडी भिंत, करडा सोफा, करडा गालिचा. विश्रामबागचेच एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना घर अगदी हॉटेलसारखं हवं होतं. मॅडम माळ्यावर गेल्या आणि तिथून ओरडल्या, "डॉक्टर, ही मुद्गलांची जोडी कुणाची?" डॉक्टर लाजले. वडील पैलवान होते, डॉक्टर स्वतःही बारावीपर्यंत तालमीत जायचे. मुद्गल खाली आले, तेलपाणी झालं, आणि हॉलमध्ये जिथं काचेचं शोकेस होणार होतं ती जागा मॅडमनी मोकळी सोडली. तिथं फक्त दोन मुद्गल आणि खाली जाड रबराची चटई. डॉक्टर आधी रागावले. पुढं महिन्याभरानं खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मला फोन आला, की डॉक्टर रोज सकाळी काहीतरी फिरवतात आणि आमचं छत हादरतं. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काम चांगलं झालं."

माझी समजूत होती की अशा बाईंचं स्वतःचं घर म्हणजे बघत राहावं असं असणार. त्या कुणाला घरी बोलवायच्या नाहीत. एकदा नकाशा आणायला मला जावं लागलं. दार उघडताच समोर प्लॅस्टिकच्या गुलाबांचा मोठा गुच्छ, भिंतीवर चोचीला चोच लावलेल्या दोन हंसांचं घड्याळ, आणि कोपऱ्यात फायबरचा एक धबधबा. खरोखर पाणी वाहणारा. पाण्याखाली दिवे होते, ते लाल, हिरवे, निळे होत होते. मी बघतच राहिलो.

"आमच्या ह्यांची आवड," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, गरीब स्वभावाचे गृहस्थ, आतून हसत बाहेर आले. "ह्यांना धबधबा लई आवडतो. महाबळेश्वरला गेलो की तासतासभर त्याच्यासमोर उभे. तो काही आणता येईना, म्हणून हा."

"पण मॅडम, तुम्हाला चालतं?"

"मी दिवसभर बाहेर. घरात कोण असतं? हे. मग घर कुणासारखं दिसायला पाहिजे?"

यजमानांनी मला धबधब्याचं बटण दाबून दाखवलं. वेग कमी-जास्त करता यायचा.

मॅडमचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. गावभागात एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या माळ्यावर मॅडमना एक कॅरम बोर्ड सापडला. जुना, जाड चौकटीचा, मधलं लाकूड हातानं गुळगुळीत झालेला. मॅडमना तो इतका आवडला की मास्तरांना न विचारता त्यांनी तो पॉलिश करून घेतला आणि हॉलच्या मुख्य भिंतीवर, वर दिवा देऊन, टांगला. मास्तरांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मास्तर आत आले, भिंतीकडं बघितलं, आणि मागं वळून चप्पल पायात घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आम्ही बाहेर गेलो. ते म्हणाले, "माझा आणि धाकट्या भावाचा आहे तो. वाटण्या झाल्यापासून आम्ही बोलत नाही. फेकवत नव्हता आणि बघवतही नव्हता, म्हणून वर टाकला होता."

मॅडमनी सुताराला हात लावू दिला नाही. स्वतः शिडी लावली, बोर्ड उतरवला, जुन्याच पोत्यात गुंडाळला आणि माळ्यावर होता तिथं नेऊन ठेवला. त्या दिवशी त्या शिंकल्या की नाही ते मला आठवत नाही. पण त्यानंतर माळ्यावरून कुठलीही वस्तू खाली घ्यायच्या आधी त्या विचारायला लागल्या, "हे ठेवलंय की लपवलंय?" आणि 'लपवलंय' असं उत्तर आलं की तिकडं परत बघायच्या नाहीत.

आता मॅडम सांगलीत नसतात. गुडघे गेले, शिडी बंद झाली, आणि त्या लेकीकडं नाशिकला गेल्या. फोन करतात. तिथल्या फ्लॅटला माळाच नाही म्हणून तक्रार करतात. मी काम चालवतो आहे. पण त्यांचा विषय निघाला की लोक मुद्गलाची गोष्ट सांगतात, आणि मला आठवतात ते साताऱ्याकडच्या औंधच्या पुढच्या एका गावातले सुभेदार.

मॅडमचं माहेर औंधकडचं, त्यामुळं त्या भागातलं काम आलं की त्या नकाशे आदल्या दिवशीच गाडीत नेऊन ठेवायच्या. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. डांबरी रस्त्याला तोंड करून त्यांनी बंगला बांधला होता. स्लॅब, प्लास्टर, फरशी सगळं झालेलं. मागं त्यांचं जुनं घर आणि गोठा होता. सुभेदारांनी आम्हाला दारातच गाठलं. ताठ माणूस, मिशी कातरलेली, पँटला धार लागेल अशी इस्त्री.

"मॅडम, मला हॉल एकदम ऑफिसर मेससारखा पायजे. पॉलिशचं लाकूड, पितळेच्या पट्ट्या, आणि चारी भिंतींवर माझे फोटो. जिथं जिथं पोस्टिंग झालं, तिथले. साहेब लोक येणारेत वास्तुशांतीला."

वहिनी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना विचारलं, "ताई, तुम्हाला काय पाहिजे घरात?"

"त्यांचं झालं की माझं झालंच," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी सवयीप्रमाणं शिडी मागितली. माळा होता, पण कोरा. सिमेंटचा वास आणि एक उलटं घमेलं. मॅडम एकही शिंक न देता खाली उतरल्या. त्यांना असं गोंधळलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. फोटो, पदकं, लोखंडी पेटी, सगळं सुभेदारांचं होतं. वहिनींचं त्या बंगल्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

"ताई, जरा पाणी द्या. तुमच्या जुन्या घरात बसू," असं म्हणून मॅडम वहिनींबरोबर मागच्या दारानं गेल्या. मी सुभेदारांबरोबर हॉलची मापं घेत राहिलो. एक तास झाला तरी दोघी येईनात, म्हणून मी बघायला गेलो. घरात कुणी नव्हतं. दोघी गोठ्यात होत्या. दावणीला दोन खिलार बैल, पांढरेशुभ्र, शिंगं तलवारीसारखी मागं गेलेली. पलीकडं दोन गाई आणि एक उमदं खोंड. वहिनी कणकेचे गोळे खोंडाच्या तोंडात देत होत्या आणि बोलत होत्या. दाराच्या चौकटीशी उभी असलेली बाई आणि ही बाई एकच आहे हे मला खरं वाटेना.

"ह्ये शर्यतीचं हाय. ह्याचा बा बी माझ्याच हाताखाली वाडला. पार माणदेशातनं लोक येत्यात माझ्या दावणीचं खोंड न्यायला."

परतीच्या वाटेवर मॅडमनी मला बाकीचं सांगितलं. सुभेदारांनी गोठा पाडून तिथं लॉन करायचं ठरवलं होतं. पेन्शन आली, आता शेणात हात कशाला, असं त्यांचं म्हणणं. बैलजोडीला व्यापारीही बघून गेला होता. वहिनी घरात कुणाला काही बोलल्या नव्हत्या. गोठ्यात मॅडमना मात्र एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यांनी बंगल्यात ऱ्हावं. मी काय तिकडं ऱ्हायला जात न्हाई."

"म्हणजे वास्तुशांतीला?"

"पूजेला बसतील. रात्री झोपायला मागं जातील. आणि कायम तिथंच राहतील. बाई हट्टी नाहीय, ठरवून मोकळी झालीय."

मी म्हणालो, "मॅडम, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. आपण भिंतींचं बघू."

"घरातलाच प्रश्न आहे ना? मग आपला आहे. एकट्या माणसाची खोली लावतात. घर नाही लावता येत."

पुढच्या खेपेला मॅडमनी नकाशा उघडलाच नाही. सुभेदारांना म्हणाल्या, "फोटो आणा. कुठला कुठं लावायचा ते मला कळल्याशिवाय कसं ठरवू?" सुभेदारांनी फरशीवर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यांवर एकेक फोटो मांडला. त्यांचा चेहरा फुलला होता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दाराशी खाली बसल्या.

"हा बर्फातला. त्या टायमाला सहा महिने खाली उतरलो न्हाई."

"आणि तेव्हा इकडं घरी काय चाललं होतं?" मॅडमनी विचारलं.

"घरी? ठीकच असणार. फोन लागला की समदं ठीक म्हणायचे."

"सर्ज्याला लाळ्या झाला हुता तवा," दाराकडनं आवाज आला.

सुभेदार वळले. "कवा?"

"तुमी ह्या बर्फात हुता तवा. खुरं नासली हुती. लोकं म्हणायची, ह्यो काय जगत न्हाई. रोज तुरटीच्या पाण्यानं धुतली. जगला. फुडच्या साली यात्रंत पयला आला."

"मला सांगितलं न्हाईस."

"फोनवर काय सांगायचं? तुमी तिकडनं येऊन खुरं धुणार हुता व्हय?"

सुभेदार जरासे हसले. मग त्यांनी दुसरा फोटो पुढं केला. वाळवंट, जीप, गॉगल लावलेले चार जवान. मॅडमनी वहिनींकडं बघितलं.

"ह्या साली हीर आटली," वहिनी म्हणाल्या. "दोनी बैलं घिऊन मी म्हायेरी गेलते. पाऊस लागंस्तवर तिकडंच हुते."

सुभेदारांचा हात फोटोवरच राहिला. "तू भांडून म्हायेरी गेलीस, असं आई म्हणली हुती मला."

"आत्याबाई काय बी म्हणायच्या."

"मी तुला वर्षभर धड बोललो न्हाई त्यापायी."

"ठावं हाय की. पर बैलास्नी पाणी नव्हतं."

मी चहाचा कप हातात धरून भिंतीकडं बघत राहिलो. मग सुभेदारांनीच तिसरा फोटो उचलला आणि मॅडमकडं न बघता बायकोला विचारलं, "आणि ह्या टायमाला?"

सगळे फोटो होईपर्यंत दुपार टळली. सुभेदार वर्षं पोस्टिंगवरून सांगायचे, वहिनी बैलांवरून. सर्ज्याच्या साली, गुलब्याच्या साली, ढवळ्याला इकला त्या साली. दोघांची वर्षं एकमेकांना लावत लावत ते पुढं जात होते, आणि आम्ही दोघं तिथं नसतो तरी त्यांना चाललं असतं.

शेवटी मॅडम उठल्या आणि खडूनं मागच्या भिंतीवर एक भलामोठा चौकोन काढला. "समोरची भिंत पूर्ण तुमची, सुभेदारसाहेब. वीतभर जागासुद्धा मोकळी सोडणार नाही. ही भिंत मला द्या. इथं खिडकी करायची."

सुभेदार भानावर आले. "तिकडं गोठा हाय मॅडम."

"म्हणूनच."

"साहेब लोकांना बोलावून शेण दाखवू?"

सुभेदार "बघू" म्हणाले. वहिनी कप गोळा करता करता म्हणाल्या, "त्यांचं बघू म्हंजी न्हाई असतंय." आणि आम्ही सांगलीला परतलो.

मला वाटलं, काम गेलं. आठवड्यानं सुभेदारांचा फोन आला. मॅडमना नाही, मला. "भिंत फोडली तर स्लॅबला काय होणार न्हाई न्हवं?"

"खिडकीवर आडवं लिंटेल टाकतो, ते भार घेतं. काही होत नाही."

"मग फोडा. पण मॅडमना सांगा, खिडकी मी म्हणीन तेवढीच. बाथरूमला असते तेवढी."

मॅडम भांडायच्या तयारीनंच गेल्या. सुभेदार खडूचा चौकोन पुसून लहान करायचे, मॅडम परत मोठा करायच्या. वहिनी कुठल्याशा कामाला आत आल्या, दोघांकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "किती बी मोठी करा, पर खाली घ्या. बसून दिसाय पायजे. उभं ऱ्हाऊन जलमभर बघितलं मी."

तेवढ्यावर भांडण संपलं. खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवरून सुरू केली आणि आतून बसायला रुंद कट्टा केला. लॉनचा विषय पुन्हा निघाला नाही. व्यापारी परत आला तेव्हा सुभेदारांनी त्याला मागच्या दारी पाठवलं, "तिला विचार" म्हणून. वहिनींनी बैलजोडी दिली नाही, पण खोंड दिलं. कसून घासाघीस करून दिलं. मॅडमना नवल वाटलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही विकलंत?"

"आवं, इकतेच की मी. इकूनच तर घर चालवलं आजपातूर. पर माझं जनावर दुसऱ्यानं इकायचं न्हाई."

वास्तुशांतीला आम्ही गेलो. समोरची भिंत सुभेदारांच्या मनासारखी झाली होती; पॉलिशचं लाकूड, पितळी पट्ट्या, फोटोंच्या रांगा. साहेब लोक आले, फोटो बघितले, वाहवा केली. मग त्यांतले एक निवृत्त कॅप्टन कट्ट्यावर टेकले आणि बाहेर बघून म्हणाले, "सुभेदार, ह्यातला पळणारा कुठला?" सुभेदारांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. साहेब काय विचारतात बघ." वहिनी हात पुसत आल्या आणि मग बराच वेळ त्याच बोलत होत्या. सुभेदार मागं उभे राहून ऐकत होते.

पाहुणे पांगल्यावर आम्ही निघायच्या तयारीत होतो. सुभेदार खिडकीपाशीच होते. गाय व्यायली होती. चार दिवसांचं वासरू आईच्या पोटाखाली ढुशा देत होतं.

"ह्या बारक्याचं नाव काय गं?"

"ठिवलं न्हाई अजून," वहिनी म्हणाल्या. "तुमी ठेवा."

"मी?"

"मग? आजपातूर समदी मीच ठिवली."

सुभेदार विचारात पडले. एकदा फोटोंच्या भिंतीकडं बघितलं, एकदा वासराकडं. मग म्हणाले, "आदी नीट बघतो त्याला," आणि मागच्या दारानं उतरून, इस्त्रीच्या पँटीतच, गोठ्याकडं निघाले. गोठ्याच्या तोंडाशी सकाळचं शेण तसंच होतं.

मॅडम खिडकीतून बघत म्हणाल्या, "ताई, पँट खराब होणार हो त्यांची."

"हू द्या," वहिनी कट्ट्यावर बसत म्हणाल्या. "धुता येती."